जर्मनीचा खर्च: किती ते नंतर, आधी कधी ते बघा

“एकूण किती लागतात गं?” घरातलं कार्टं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलं की आमच्या सोसायटीतल्या कुठल्यातरी काकू मला लिफ्टमध्ये गाठतातच, कारण मी जर्मनीत मास्टर्स करून, तिथे थोडी नोकरी करून परत कोथरूडला आलेली, म्हणजे त्यांच्या हिशेबाने फुकटची कन्सल्टंट. आणि मी दरवेळी तेच सांगते, काकू, किती ते नंतर बघू, कधी लागतात ते आधी बघा. मग त्यांना वाटतं मी आकडा लपवतेय.

लपवण्यासारखं काही नाहीये. सरकारी युनिव्हर्सिटी, दोन वर्षं, तर २५ ते ३० लाख हाताशी आहेत का बघा, त्यातले काही तिथे कमवून भरून निघतात. झालं. पण हेच २५ लाख असलेली दोन घरं घ्या, एकाचं पोरगं निवांत जातं आणि दुसऱ्याचं तिथे पोचल्या पोचल्या मित्राकडे उसने मागत बसतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फरक पैशाचा नव्हताच, पैसा कुठल्या महिन्यात मोकळा होता त्याचा होता. सध्या माझा मावसभाऊ या हिवाळी सेमिस्टरला जायच्या गडबडीत आहे, त्याची एक्सेल शीट मी आणि तो मिळून बनवतोय, त्यामुळे सगळे आकडे ताजे आहेत, तेच इथे टाकते, म्हणजे काकूंना लिंक पाठवता येईल.

आधी ते “जर्मनीत शिक्षण फ्री” चे बोर्ड. एफसी रोडवरून जाताना डोकं वर केलं की दिसतात. बऱ्याचशा सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही हे खरंय, सेमिस्टरचं जे कॉन्ट्रिब्युशन असतं ते शंभरपासून साडेतीनशे युरोपर्यंत कुठेही, आणि त्यात बहुतेक ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि स्टुटगार्ट, कार्ल्सरुह नेमकी त्याच राज्यात, आणि पिंपरी-चिंचवडच्या हवेत वाढलेल्या आपल्या मेकॅनिकल-ऑटोमोबाइलवाल्यांना तीच हवी असतात. चार सेमिस्टरचे ६,००० युरो झाले. टेक्निकल युनिव्हर्सिटी म्युनिकनेही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावलीय, मास्टर्सला कोर्सप्रमाणे सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. म्हणजे फ्री वगैरे म्हणायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या साइटवर जाऊन बघायचं. आणि जो कन्सल्टंट तुमच्याकडून एक रुपया घेत नाही तो प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच पुढे का सरकवतो याचा विचार करा, कमिशन तिकडून येतं, सरकारी युनिव्हर्सिटी त्याला काही देत नाही.

बरं, आता कधी.

पहिले पैसे जातात ते अ‍ॅडमिशनचा पत्ता नसताना. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना कंपल्सरी, १८,००० रुपये. आयएल्ट्स, ही इंग्लिशची परीक्षा, तेही जवळपास तेवढंच. युनि-असिस्टमधून, म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या पोर्टलवरून, अर्ज केले तर पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे आठ ठिकाणी टाकले तर २८५ युरो, तीसेक हजार रुपये. हे सगळं खिशातून, लोन तोवर कुठे असतं, आणि कुठेच नाही लागलं तर हे परत येत नाहीत. मावशीला हेच पैसे सगळ्यात जास्त टोचले, कारण “अजून काही ठरलंच नाही आणि लाखभर गेले की रे”.

जर्मन शिकायचा खर्च पण याच काळातला. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहेच, त्याची फी घरात सांगितली की एक मिनिट शांतता पसरते, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फी बरीच कमी असते. कोर्स इंग्लिशमध्ये आहे मग जर्मन कशाला असं म्हणणारे खूप. माझं स्पष्ट मत आहे की या अख्ख्या शीटमधला सगळ्यात वसूल होणारा खर्च हाच, आणि तो का ते नोकरीपाशी आलो की सांगते.

मग येतं ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसाला अर्ज करायच्या आधी एक वर्षाचा राहायचा खर्च या खात्यात भरून दाखवायचा असतो, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो. महिन्याला ९९२ प्रमाणे बारा महिने. मी गेले तेव्हा महिन्याला ८६१ होते, २०२३ ला ९३४ केले आणि आता हे, म्हणजे शेजारच्या ताईने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून एफडी करू नका. युरोने शंभरी कधीच ओलांडलीय, मी हिशेबाला १०५ धरते, म्हणजे साडेबारा लाख. एका दमात. हप्ते नाहीत.

पैसे पाठवताना बँकेने सांगितलेला रेट आणि गूगलवर दिसणारा रेट यात फरक असतोच, तो किती ते विचारायला लोक लाजतात. लाजू नका. युरोमागे एक रुपयाचा फरक म्हणजे ११,९०४ रुपये. दोन-तीन ठिकाणी फोन करायचा, घासाघीस करायची, आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारी माणसं आणि इथे मात्र साहेब म्हणतील तो रेट असं कसं चालेल.

आणि टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते तो टॅक्स. एप्रिल २०२५ पासून एका माणसाने एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत बाहेर पाठवले तर टीसीएस नाही, त्याच्या वर शिक्षणासाठी काही टक्के लागतात, तो दर बजेटमध्ये बदलत असतो तेव्हा भरायच्या वेळी बघा. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून थेट गेले तर काहीच लागत नाही. हा टॅक्स बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो किंवा रिफंड येतो, पण येतो कधी, तर पुढच्या वर्षी. परत तेच, कधी. बाबांच्या एकट्याच्या खात्यातून साडेबारा लाख गेले तर वरच्या अडीचवर कापणार, आई-बाबांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर अर्धे अर्धे पाठवले तर दोघंही १० च्या आत. यात लपवाछपवी काही नाही, मर्यादा माणशी आहे. फक्त ए-टू फॉर्मवर, म्हणजे बँकेच्या पैसे बाहेर पाठवायच्या अर्जावर, कारण शिक्षणाचंच पडलंय ना ते डोळ्यात तेल घालून बघा, इतर कारणाखाली गेलं तर वरच्या रकमेवर थेट २० टक्के.

लोनची गोष्ट मोठी आहे. सरकारी बँकांच्या नेहमीच्या स्कीममध्ये साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात, निवडक युनिव्हर्सिट्यांसाठी वेगळ्या स्कीम आहेत पण त्यांच्या यादीत नाव असावं लागतं. आता तारण म्हटलं की आपल्याकडच्या प्रत्येकाला वाटतं, आहे की आपल्याकडे. काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, म्हणणं होतं की साताऱ्याकडे दोन एकर आहे, सातबारा त्यांच्या नावावर आहे, बास. बँकेने शेतजमीन बघितलीसुद्धा नाही. मग नारायण पेठेतला वाड्यातला हिस्सा काढला, त्यावर सगळ्या चुलत भावांच्या सह्या लागणार, त्यातले एक बंगलोरला आणि एक बोलत नाहीत. शेवटी राहता फ्लॅट. त्याची इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, बँकेच्याच व्हॅल्युअरची फेरी, आणि तो व्हॅल्युअर हॉलमध्ये टेप लावून मोजत असताना मावशी त्याला विचारतेय की साहेब, बाल्कनी धरली ना, आत घेतलेली आहे, आणि तो म्हणतोय की मंजूर नकाशात बाल्कनी आहे, त्यामुळे मी बाल्कनीच धरणार. मावशीने त्याला नंतर चहा दिला पण बिस्किटं नाही दिली.

या सगळ्याला आठवडे जातात. प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युअर, गहाणखताची नोंद, हे परत खिशातून आणि परत आधी. म्हणून अ‍ॅडमिशन लेटरची वाट न बघता कागदांची फाइल जानेवारीतच करायला घ्या, फ्लॅटचे कागद काही अ‍ॅडमिशनवर अवलंबून नसतात.

आणि सगळ्यात गंमत पुढे. बँक म्हणाली व्हिसा दाखवा, मग पैसे सोडू. व्हिसावाले म्हणणार ब्लॉक्ड अकाउंट भरलेलं दाखवा. घ्या. अशा वेळी लोक मामाकडून, आत्याकडून दोन महिन्यांसाठी पैसे घेऊन खातं भरतात आणि लोन आलं की फेडतात, पण मग ते पैसे स्वतःचे म्हणून गेले, लोनमधून नाही, म्हणजे टीसीएसची सूट गेली. हे टाळायचं तर सँक्शन लेटर यायच्या आधीच मॅनेजरशी बोलून त्यात लिहून घ्या की ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम व्हिसाआधी सोडणार. व्हिसा नाकारला गेला तर खात्यातले पैसे थोडे चार्जेस कापून परत येतात, हे मॅनेजरला माहीत नसतं बऱ्याचदा, त्याला कागद दाखवावा लागतो. आमच्यावाल्याने तीन वेळा वाचला तो कागद.

व्याजाचं पण कधी बघा. “शिकत असताना ईएमआय नाही” हे बरोबर, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. समजा २० लाख पूर्ण उचललेत आणि दर १० टक्के आहे, तर वर्षाला दोन लाख, महिन्याला साडेसोळा हजारच्या वर नुसतं व्याज साठतंय. ज्यांना जमतं त्यांनी ते दर महिन्याला इथे भरत राहावं, नाही जमत तर निदान किती साठणार ते माहीत असावं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर व्याजही तेवढ्यावरच लागतं, त्यामुळे मंजूर झालेत म्हणून सगळे काढून सेव्हिंगला ठेवू नका. व्याजावरची टॅक्सची सवलत फक्त जुन्या टॅक्स रेजीममध्ये मिळते, आठ वर्षं, काका ऑलरेडी नव्या रेजीममध्ये गेलेत तेव्हा आमच्या शीटमध्ये तिथे शून्य आहे.

कर्ज काढून शिकायला जायचं म्हणजे काहीतरी कमीपणा असं अजूनही काही घरात वाटतं, त्यांच्यासाठी सांगते, इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला पीएचडीला गेल्या त्या जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन, आणि सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द धोंडो केशवांचा, विरोध असताना. त्यामुळे पुण्यात ही परंपरा जुनीच आहे.

स्कॉलरशिपचं थोडक्यात. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात फी, राहायचा खर्च, विमानभाडं येतं, आणि समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, जाऊन विचारता येतं, तरी कितीतरी जणांना माहीतच नसते. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून चालू आहे पण ती लोन स्कॉलरशिप, म्हणजे परत द्यायची. डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या स्कॉलरशिपा चांगल्या, पण त्यांचे अर्ज कोर्स सुरू व्हायच्या साधारण वर्षभर आधी करायचे असतात, आणि आपल्याकडे लोक अ‍ॅडमिशन झाल्यावर गूगल करतात.

आता तो पहिला महिना, ज्यात सगळ्यांची फजिती होते. घरच्यांना वाटतं की खात्यात साडेबारा लाख आहेत, चिंता कसली. अहो, ते ब्लॉक्ड आहेत. महिन्याला ९९२ सुटणार, आणि तेही तिथे करंट अकाउंट उघडल्यावर. अकाउंटसाठी बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी, ते आनमेल्डुंग, मागतात, आनमेल्डुंगसाठी घरमालकाचा सही केलेला फॉर्म लागतो आणि त्यासाठी घर लागतं. घर मिळेपर्यंत हॉस्टेल किंवा एअरबीएनबी, रोजचे पैसे. म्हणजे पहिले काही आठवडे तुमचे स्वतःचे लाखो रुपये काचेच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे.

आणि नेमका तेव्हाच सगळा खर्च. खोलीचं डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, घरमालक हे आपणहून सांगत नाहीत, तुम्ही मागा. सोबत पहिलं भाडं, सेमिस्टरचं कॉन्ट्रिब्युशन, हेल्थ इन्शुरन्स जो तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतो, गादी, रजई, सिमकार्ड. आणि टीव्ही-रेडिओची १८.३६ युरोची मासिक वर्गणी, घरात टीव्ही असो नसो, पत्र येतंच, एका घराला एकच असते म्हणून शेअरिंगमध्ये असाल तर वाटून घ्या. तर मुद्दा असा की ब्लॉक्ड अकाउंटव्यतिरिक्त निदान दोन-अडीच हजार युरो फॉरेक्स कार्डवर वेगळे हवेत. वेगळे म्हणजे वेगळे, त्यातून जाताना मुंबई एअरपोर्टवर घड्याळ घ्यायचं नाही.

स्टुडंट हॉस्टेलची वेटिंग लिस्ट लांबच लांब असते, अ‍ॅडमिशन लेटर आलं त्याच रात्री अर्ज टाका. मी केम्निट्झला होते, तिथे माझी खोली ज्या भाड्यात होती त्याच्या दुप्पट-अडीचपट म्युनिकमधल्या मैत्रिणीचं होतं, आणि व्हिसावाल्यांचा महिन्याचा आकडा दोघींना सारखाच. म्हणून गाव निवडताना युनिव्हर्सिटीच्या नावाबरोबर भाडंही बघा, लहान गावात मित्र कमी पण शिल्लक जास्त.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका, तो खर्च हातात असतो. मेन्साला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनला, तीन-चार युरोत पोट भरतं, घरी वरणभात केला तर त्याहून कमी. तुळशीबागेतून कुकर नेणार असाल तर इंडक्शन बेसचा न्या, खोलीत इंडक्शन शेगडी निघाली तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा गरमच होणार नाही, आणि दोन रिंगा जास्तीच्या ठेवा, तिथे रिंग शोधण्यात रविवार जायचा असं म्हणणार होते पण रविवारी तिकडे दुकानंच बंद. जाड जॅकेट मात्र इथून नेऊ नका, लक्ष्मी रोडवर मिळतं ते स्वेटर आहे.

नोकरी. सगळे म्हणतात तिथे पार्टटाइम करून खर्च निघतो. निघतो, पण पहिल्या दिवसापासून नाही. २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास धरून चाला. किमान वेतन यंदा, २०२६ ला, तासाला १३.९० युरो आहे आणि मिनीजॉबची, म्हणजे छोट्या पार्टटाइम कामातल्या कमाईची, मर्यादा महिन्याला ६०३, म्हणजे महिन्यात साधारण ४३ तास. भाडं आणि इन्शुरन्स त्यातून कसंबसं निघतं. वेर्कस्टुडंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम करणारा विद्यार्थी, म्हणून आपल्याच फील्डमध्ये लागलात तर चित्र बदलतं. पण तिथेच जर्मन आडवी येते, कॅफेत, दुकानात, कंपनीतसुद्धा. ज्यांची जर्मनची बी-वन लेव्हल झालेली होती ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कामाला लागले आणि बाकीचे गोडाऊनमध्ये रात्रपाळीला खोकी उचलत होते, सकाळी लेक्चरला पेंगत. म्हणून मी मॅक्स म्युलरच्या फीवर अडून बसते. मावसभावाच्या शीटमध्ये पहिले सहा महिने कमाई शून्य लिहायला लावलीय मी, तो म्हणतो ताई तू फार निगेटिव्ह आहेस.

शेवटचं, जे कन्सल्टंटच्या कागदावर कधीच नसतं. दुसऱ्या वर्षासाठी रेसिडेन्स परमिट वाढवताना पैसे परत दाखवावे लागतात. परत ब्लॉक्ड अकाउंट, किंवा नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, किंवा दोन्ही मिळून. तेव्हा लोनचा दुसरा टप्पा नेमका तेव्हा सुटेल असं बघा, पहिलाच सगळा संपवून बसू नका. आणि दोन वर्षांचा कोर्स दोन वर्षांत संपवणारे कमी, एखादा विषय राहतो, थीसिस लांबते, इंटर्नशिप मध्ये येते, मला पाच सेमिस्टर लागली आणि आमच्या बॅचमध्ये ते लवकर मानलं गेलं. तर पाचव्या सेमिस्टरचा कॉलम शीटमध्ये आत्ताच ठेवा, भाडं, इन्शुरन्स, कॉन्ट्रिब्युशन, सगळं भरून, आणि तिकडे लोनवर अजून सहा महिने व्याज.

आमच्या शीटमध्ये मी तो टाकलाय. काल उघडून बघितलं तर मावसभावाने हाइड करून ठेवलाय, कारण तो म्हणे चारच सेमिस्टरमध्ये संपवणार. मी परत अनहाइड करून काकांना पाठवलाय.